पॉलिॲनिलीनमध्ये कार्बन नॅनोट्यूब विखुरण्याविषयी

गोव्यातल्या फर्मागुढी परिसरात संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. तिने बाजारातून आणलेल्या बहुभित्ती कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात घालून तासभर बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी द्रव हलवणाऱ्या पाण्याच्या टाकीत) ठेवल्या, त्यात ॲनिलीन मिसळले, अमोनियम परसल्फेट हे ऑक्सिडीकारक घालून त्याचे पॉलिॲनिलीन या वीजवाहक पॉलिमरमध्ये पॉलिमरीकरण केले, मिळालेल्या भुकटीच्या चकत्या दाबल्या आणि फोर-प्रोब पद्धतीने त्यांची वाहकता मोजली. एका चकतीचा आकडा दुसरीशी जुळेना, म्हणून नॅनोट्यूब तीव्र सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात रात्रभर उकळून तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा वाहकता वाढण्याऐवजी घटली. त्यातच पावसाळा सुरू झाल्यापासून आधीच्या चकत्यांचे आकडेही बदलले आहेत. सोनिकेशन किती वेळ करावे, आम्लप्रक्रिया करावी की नाही आणि नॅनोट्यूब नीट विखुरल्या आहेत हे ओळखावे कसे, असे तिने विचारले आहे.

सोनिकेशनच्या वेळेकडे वळण्यापूर्वी तुमच्या कृतीतल्या क्रमाकडे लक्ष वेधतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. तुम्ही नॅनोट्यूब थेट १ मोलर आम्लात विखुरता आहात. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण एकमेकांपासून दूर राहतात ते बहुतेक वेळा त्यांच्या पृष्ठभागावरच्या समान विद्युतभारामुळे. हा भार आजूबाजूच्या आयनांमुळे झाकला जातो आणि आयन जितके अधिक, तितका त्याचा प्रभाव तोकडा पडतो. १ मोलर आम्लात हा प्रभाव जेमतेम ०.३ नॅनोमीटर अंतरापर्यंत पोहोचतो, म्हणजे व्यवहारात तो नसल्यातच जमा असतो. आम्लप्रक्रिया केलेल्या नॅनोट्यूबांची स्थिती तर याहून वाईट होते. आम्लप्रक्रियेने त्यांच्यावर बसलेले कार्बोक्सिल (COOH) गट शुद्ध पाण्यात ऋणभारित असतात आणि त्यामुळेच अशा नॅनोट्यूब पाण्यात सुंदर पसरतात, परंतु तीव्र आम्लात ते गट प्रोटॉन स्वीकारून भारहीन होतात. रात्रभर उकळून जो भार तुम्ही मिळवला, तो पुढच्याच पायरीत तुमच्याच हातून नाहीसा झाला. म्हणून नॅनोट्यूब आधी आम्लाविना विखुराव्यात, त्यांच्या पृष्ठभागावर काहीतरी बसवावे, आणि आम्ल त्यानंतर, थंड ठेवून, हळूहळू घालावे.

पृष्ठभागावर काय बसवावे हे समजण्यासाठी या नॅनोट्यूब मुळात एकत्र का राहतात ते पाहावे लागते. एकच भिंत असलेल्या, म्हणजे एकभित्ती नॅनोट्यूब एकमेकींना समांतर चिकटल्या की व्हॅन डर वाल्स आकर्षणाची ऊर्जा दर मायक्रोमीटर लांबीमागे सुमारे ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर खोलीच्या तापमानाला उष्णतेपासून मिळणारी ऊर्जा ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते. एवढ्या तफावतीमुळे एकदा चिकटलेल्या नलिका आपणहून कधीच सुटत नाहीत. बहुभित्ती नॅनोट्यूबमध्ये या आकर्षणाच्या जोडीला दुसरी अडचण असते. त्या भट्टीत वाढतानाच एकमेकींत गुंततात आणि बाटलीतली भुकटी म्हणजे दहा-वीस मायक्रोमीटरपासून शेकडो मायक्रोमीटरपर्यंतच्या घट्ट गुठळ्या असतात. मच्छीमाराच्या जाळ्याचा गुंता जसा जोराने ओढला तर सुटण्याऐवजी दोरेच तुटतात, तशीच या गुठळ्यांची गत आहे. तेव्हा इथे दोन वेगळी कामे आहेत. गुठळी फोडणे हे पहिले, आणि फुटलेल्या नलिका पुन्हा जवळ येऊ न देणे हे दुसरे. सोनिकेटर फक्त पहिले काम करतो. दुसरे काम करणारे काहीही द्रवात नसेल तर यंत्र बंद करताच नलिका पुन्हा गोळा होऊ लागतात आणि दुसऱ्या दिवशी बीकरच्या तळाशी साका दिसतो.

दुसऱ्या कामासाठी बहुतेक जण सोडियम डोडेसिल सल्फेटसारखा सर्फॅक्टंट, म्हणजे लांब शेपटीच्या रेणूंचा साबणासारखा पदार्थ, वापरतात. इपॉक्सीसारख्या विद्युतरोधक पॉलिमरमध्ये त्याला माझी फारशी हरकत नसते, परंतु वाहक पॉलिमरच्या संमिश्रात मी तो टाळतो. विद्युतप्रवाहाला नलिकेकडून पॉलिमरकडे आणि पॉलिमरकडून पुढच्या नलिकेकडे जायचे असते, आणि नेमक्या त्या सांध्यावर विद्युतरोधक शेपट्यांचा थर बसतो. तो धुऊन पूर्ण काढता येत नाही. वाहक पॉलिमरचा मोठा फायदा असा की विखुरण्याचे काम करणारा पदार्थच पुढे विद्युतवाटेचा भाग होऊ शकतो, आणि पॉलिॲनिलीनच्या बाबतीत असे दोन पदार्थ हाताशी आहेत.

पहिला पदार्थ म्हणजे खुद्द ॲनिलीन. त्याचे सुगंधी वलय नॅनोट्यूबच्या भिंतीला लगटते आणि नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी भिंतीकडे अंशतः ओढली जाते. एकभित्ती नॅनोट्यूब ॲनिलीनमध्ये उकळल्यास दर मिलिलिटरमागे ८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळतात, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दाखवले गेले. बहुभित्ती नॅनोट्यूबकडून इतकी अपेक्षा करू नये, तरी त्यांनाही ॲनिलीनचा आधार चांगला मिळतो. मात्र हा गुण मुक्त ॲनिलीनचा आहे. आम्ल घालताच ॲनिलिनियम आयन तयार होतो, नायट्रोजनवरची ती जोडी प्रोटॉनशी बांधली जाते आणि भिंतीशी असलेले नाते सैल होते. म्हणूनच क्रमाला इतके महत्त्व आहे. ताजे ऊर्ध्वपातित, रंगहीन ॲनिलीन घ्या आणि त्यात किंवा त्याच्या पाण्यातल्या द्रावणात नॅनोट्यूब विखुरा. ०.२ मोलर द्रावणासाठी लिटरला सुमारे १८.६ ग्रॅम ॲनिलीन लागते आणि तेवढे आम्लाविनाही पाण्यात विरघळते. विखुरणे पूर्ण झाल्यावर बर्फात ठेवून, ढवळत, थेंबाथेंबाने आम्ल सोडा आणि मग वेळ न दवडता परसल्फेट घाला, कारण ही स्थिती फार काळ टिकणारी नसते. पॉलिमरची पहिली साखळी भिंतीवर जमली की ती परत जाण्याची शक्यता संपते. ॲनिलीन त्वचेतून शरीरात जाते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता बिघडवते, आणि सोनिकेशनमध्ये त्याचे बारीक तुषार उडतात, त्यामुळे हे सगळे काम हातमोजे घालून धूर-कपाटातच करावे.

दुसरा पदार्थ डोडेसिलबेन्झिन सल्फॉनिक आम्ल. त्याची लांब शेपटी सर्फॅक्टंटसारखी नॅनोट्यूबला धरते आणि त्याचा सल्फॉनेट गट पुढे पॉलिॲनिलीनचा डोपंट (पॉलिमरला वाहक बनवणारा घटक) बनून साखळीशी बांधला जातो. शेपटी शिल्लक राहते हे खरे, पण निष्क्रिय मळ म्हणून नव्हे. शिवाय हायड्रोक्लोरिक आम्ल जसे हळूहळू उडून जाते तसा हा डोपंट उडत नाही, आणि आपल्याकडच्या दमट, उष्ण हवेत नमुने महिनोन्‌महिने ठेवायचे असतील तर ही मोठी सोय आहे. अडचण एवढीच की शेवटी मिळणारे गडद हिरवे पायस (इमल्शन) गाळणीतून उतरता उतरत नाही. त्यात मिथेनॉल घालून पॉलिमर खाली बसवावा लागतो आणि जास्तीचे आम्ल काळजीपूर्वक धुवावे लागते.

आता सोनिकेशनच्या वेळेविषयी. ‘किती मिनिटे’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण मिनिटे यंत्रागणिक, भांड्यागणिक आणि भांडे टाकीत कुठे ठेवले आहे त्यागणिक बदलतात. विचारायचे ते ‘दर मिलिलिटरला किती जूल’ असे. प्रोब सोनिकेटरच्या (ज्याचा कंप पावणारा दांडा थेट द्रवात बुडवतात) पडद्यावर दिसणारे वॅट म्हणजे द्रवात पोहोचलेली शक्ती नव्हे. ती स्वतः मोजणे सोपे आहे. उष्णतारोधक भांड्यात १०० ग्रॅम पाणी घ्या, प्रोब चालवा आणि तापमान दर मिनिटाला नोंदवा. मिनिटाला ३ अंश सेल्सिअस वाढ झाली तर १०० × ४.१८ × ३ ÷ ६० म्हणजे सुमारे २१ वॅट पाण्यात उतरत आहेत. त्याच मांडणीत १०० मिलिलिटर द्रव १० मिनिटे चालवला तर दर मिलिलिटरला सुमारे १२५ जूल मिळाले. हा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेतही उपयोगी पडतो, आणि पावसाळ्यात वीज मध्येच गेली तरी उरलेले जूल नंतर मोजून देता येतात. मोजणी नेहमी त्याच भांड्यात, तितक्याच आकारमानाच्या द्रवात आणि प्रोब तितकाच खोल बुडवून करावी. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र भांडे बर्फात ठेवून, काही सेकंद चालू आणि काही सेकंद बंद अशा टप्प्यांनी काम करावे. आपल्याकडे नळाचे पाणीच बहुतेक वर्षभर कोमट असते, त्यामुळे नुसते थंड पाणी फिरवून भागत नाही.

थांबायचे कधी हे द्रवालाच विचारावे. ठरावीक ऊर्जेनंतर एक-दोन थेंब काढून ठरावीक पटीने पातळ करावेत, हलके सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घ्यावा आणि ५०० नॅनोमीटरला प्रकाशशोषण मोजावे. गुठळ्या फुटतात तसे शोषण वाढत जाते आणि पुढे ते जवळपास सपाट होते. सपाट होताच थांबावे. त्यापुढची प्रत्येक मिनिट केवळ नलिका तोडते आणि प्रोबच्या टोकाचे टायटॅनियमचे कण द्रवात मिसळते. ही मोजणी पॉलिमरीकरणापूर्वीच करावी लागते, कारण पॉलिॲनिलीन स्वतः दृश्य प्रकाश भरपूर शोषतो आणि मग आकड्यातून नॅनोट्यूबचा वाटा वेगळा काढता येत नाही.

नलिका तुटण्याला मी इतके महत्त्व देतो याचे कारण वाहकतेच्या गणितात आहे. नॅनोट्यूबचे प्रमाण वाढवत गेले की एका ठिकाणी त्यांची सलग साखळी नमुन्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तयार होते, ज्याला परकोलेशनचा उंबरठा म्हणतात, आणि हा उंबरठा नलिकेच्या लांबी-व्यास गुणोत्तराच्या व्यस्त प्रमाणात असतो. १० नॅनोमीटर जाडीची नलिका १० मायक्रोमीटर लांब असेल तर गुणोत्तर १००० होते आणि आदर्श, यादृच्छिक मांडणीत उंबरठा ढोबळमानाने आकारमानाच्या ०.०७ टक्क्यांच्या आसपास येतो. तीच नलिका तुटून अर्धा मायक्रोमीटर झाली तर गुणोत्तर ५० आणि उंबरठा दीड टक्क्याच्या जवळ. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली अधिक देखणे दिसणारे विखुरण वाहकतेच्या दृष्टीने निकृष्ट असू शकते. पॉलिॲनिलीन स्वतः वाहक असल्यामुळे इथे तो उंबरठा इपॉक्सीइतका तीव्र दिसत नाही, पण पॉलिमरच्या दाण्यादाण्यांमधल्या फटींवरून प्रवाह पुढे नेण्याचे काम लांब नलिकाच करतात, आणि नॅनोट्यूब मिसळण्याचा उद्देशच मुळात तो असतो.

तुमच्या आम्लप्रक्रियेचे कोडेही याच दिशेने सुटते. तीव्र सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लांचे तीनास एक मिश्रण १९९८ मध्ये एकभित्ती नॅनोट्यूब मुद्दाम कापण्यासाठी वापरले गेले होते. त्यात रात्रभर उकळल्यावर नलिका आखूड होतात आणि भिंतीतली सलग षट्कोनी मांडणी ठिकठिकाणी भंगते. जिथे कार्बोक्सिल बसतो तिथे इलेक्ट्रॉनची वाट अडते. रामन वर्णपटात १३५० (भिंतीतल्या दोषांची) आणि १५८० (सलग मांडणीची) प्रति सेंटीमीटरच्या आसपासच्या पट्ट्यांच्या उंचीचे गुणोत्तर प्रक्रियेपूर्वी आणि प्रक्रियेनंतर त्याच लेसरने मोजून पाहा. बहुभित्ती नॅनोट्यूबमध्ये ते आधीपासूनच मोठे असते, म्हणून प्रकाशित आकड्यांशी तुलना करण्याऐवजी स्वतःच्या मूळ भुकटीशी करावी. आणखी एक बाब सहसा नजरेतून सुटते. तीव्र आम्लामुळे कार्बनचे लहान ऑक्सिडीभूत तुकडे तयार होतात आणि ते नलिकेवर चिकटून राहतात. अवरक्त वर्णपटात दिसणारे कार्बोक्सिल पुष्कळदा या कचऱ्याचे असतात. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने धुतल्यावर तो निघून जातो आणि गाळलेले पाणी तपकिरी येते. तसे आले तर तुमचे पॉलिमर नलिकेवर नव्हे, कचऱ्यावर वाढत होते असे समजावे.

माझे स्पष्ट मत असे की पॉलिॲनिलीनसाठी तीव्र आम्लप्रक्रियेची गरज नाही. उत्प्रेरकाचे धातू काढायचे असतील तर सौम्य नायट्रिक आम्लात काही तास गरम करून धुणे पुरेसे होते. आणि धुतल्यानंतर नॅनोट्यूब ओव्हनमध्ये वाळवू नका. पाणी उडताना केशाकर्षणाने नलिका एकमेकींवर दाबल्या जातात आणि तयार होणारी खपली मूळ भुकटीपेक्षाही फोडायला कठीण असते. ओला लगदाच झाकून ठेवावा, त्याचा थोडा भाग वेगळा वाळवून घनांश काढावा आणि वजनाचा हिशेब त्यावरून करावा. कोरडी भुकटी हाताळणे त्यामुळे आपोआप कमी होते, जे आरोग्यासाठीही आवश्यक आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगार सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने २०१३ मध्ये कार्बन नॅनोट्यूबसाठी सुचवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने हवेच्या घनमीटरमागे केवळ १ मायक्रोग्रॅम आहे, आणि बहुभित्ती नॅनोट्यूबच्या एका प्रकाराला कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवले आहे. गोव्याच्या उकाड्यात छताचा पंखा बंद करणे कोणालाच आवडत नाही, परंतु कोरडी भुकटी तोलताना तो बंदच हवा.

विखुरणे साधले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. मिलिलिटरला दशांश मिलिग्रॅम नॅनोट्यूब असल्या तरी द्रव शाईसारखा एकसंध काळा दिसतो, मग त्यात गुठळ्या असोत वा नसोत. एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर आवरणकाच ठेवा आणि साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून ४०० पट मोठा करून पाहा. मायक्रोमीटरहून मोठी गुठळी तिथे लपत नाही, आणि ही तपासणी कोणत्याही महाविद्यालयात होऊ शकते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळाली तर चकतीचा ताजा तुटलेला पृष्ठभाग आधी कमी वर्धनाला, अनेक ठिकाणी पाहा, आणि मगच एखादी जागा मोठी करा. लेखांतून छापली जाणारी एकच देखणी, अतिवर्धित प्रतिमा विखुरण्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. क्ष-किरण विवर्तनावर वेळ घालवू नये, कारण नॅनोट्यूबचे २६ अंशांजवळचे शिखर पॉलिॲनिलीनच्या २५ अंशांच्या रुंद शिखरात मिसळून जाते.

चकत्यांच्या आकड्यांमधील तफावतीचे सगळे खापर नॅनोट्यूबवर फोडण्यापूर्वी एक मोजमाप लक्षात घ्या. २००२ च्या आययूपॅकच्या (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) तांत्रिक अहवालासाठी पाच संस्थांतील आठ जणांनी एकाच कृतीने, म्हणजे ०.२ मोलर ॲनिलीन हायड्रोक्लोराइड आणि ०.२५ मोलर अमोनियम परसल्फेट वापरून, साधे पॉलिॲनिलीन बनवले, आणि ५९ नमुन्यांची सरासरी वाहकता ४.४ ± १.७ सीमेन्स प्रति सेंटीमीटर आली. नॅनोट्यूब नसतानाही इतका फरक पडतो. तेव्हा तुमच्या दोन चकत्यांत एक-दोन सीमेन्सचे अंतर असेल तर तेवढ्यावरून विखुरणे बिघडले असा निष्कर्ष निघत नाही. प्रत्येक तुकडीसोबत त्याच दिवशी, त्याच बाटल्यांतून नॅनोट्यूबविरहित पॉलिॲनिलीन बनवा, सगळ्या चकत्या सारख्याच दाबाने आणि सारख्याच वेळेपर्यंत दाबा, आणि जाडीची दुरुस्ती विसरू नका.

पावसाळ्यातल्या बदलाचे कारण बहुधा हवाच आहे. पॉलिॲनिलीन हवेतली ओल शोषते आणि ओलीबरोबर त्याची वाहकता वाढते. पणजीत जुलैमध्ये सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते, आणि ताळगावच्या पठारावर काय किंवा झुआरीनगरात काय, उघड्या खोलीत ठेवलेली चकती जानेवारीत आणि जुलैत सारखी राहूच शकत नाही. चकत्या सिलिका जेलवर, वजन स्थिर होईपर्यंत शुष्ककात ठेवाव्यात आणि बाहेर काढताच मोजाव्यात. वातानुकूलित खोलीतून गार झालेली चकती व्हरांड्यातून न्यायची असेल तर बंद बाटलीतून न्यावी, म्हणजे तिच्यावर दव धरणार नाही. ओल घालवण्यासाठी चकत्या निर्वातात तापवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याने पाण्याबरोबर हायड्रोक्लोरिक आम्लही निघून जाते आणि वाहकता घटते ती ओल गेल्यामुळे की डोपिंग गेल्यामुळे हे मग कळत नाही.

चकतीऐवजी पातळ थर हवा असेल तर पॉलिॲनिलीनचा आग्रह सोडून पेडॉट-पीएसएस या पाण्यात विखुरलेल्या दुसऱ्या वाहक पॉलिमरचा विचार करावा, असे मी सुचवेन. त्यातले पॉलिस्टायरीन सल्फॉनेट स्वतःच पाण्यात नॅनोट्यूब धरून ठेवते, त्यामुळे वेगळा सर्फॅक्टंट लागत नाही, आणि शेवटी सुमारे ५ टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड किंवा एथिलीन ग्लायकॉल मिसळल्याने थराची वाहकता लक्षणीय वाढते. ही वाढ नॅनोट्यूबच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून तिथेही नॅनोट्यूबविरहित थर सोबत हवाच.

प्रबंधात कृती लिहिताना ‘एक तास सोनिकेट केले’ असे लिहू नका. द्रवाचे आकारमान, प्रोबच्या टोकाचा व्यास, मोजून काढलेले दर मिलिलिटरचे जूल, नॅनोट्यूब, ॲनिलीन, आम्ल आणि परसल्फेट कोणत्या क्रमाने घातले तो क्रम, आणि दोन पायऱ्यांमधला वेळ एवढे लिहिले तर दुसरा कोणीही तुमचा प्रयोग पुन्हा करू शकेल. वाहकतेच्या तक्त्यात मोजणीच्या वेळचे तापमान आणि सापेक्ष आर्द्रता यांसाठी दोन स्वतंत्र रकाने ठेवा, आणि आधीच्या चकत्या शुष्ककात ठेवून त्यांची मोजणी पुन्हा झाल्याशिवाय जुने आकडे त्या तक्त्यात घेऊ नका.